दूर्वा आणि बेल विणलेला लोकरीचा मफलर : एक धडा आणि एक विनंती

॥ श्री ॥



या सदरात मी एरवी रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी अशा विषयांवर लिहितो. या वेळी विषय आहे विणकाम. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवून सुया कधी हातात घेतल्या, असे काहींना वाटेल. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात घेतल्या, आणि शिकवले पत्नीने. सुलट टाका आला की उलट टाका, उलट आला की गोल विणणे, असे करत चार वर्षांत मी बारा मफलर विणले. त्यांपैकी पहिला फसला. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण हा लेख त्या फसलेल्या मफलरमुळेच लिहिला जात आहे.

आपल्या मंदिरात नेमाने येणारे एक काका आहेत, वय ऐंशीच्या पुढे, एकटे राहतात. मी तो मफलर त्यांना दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. पुढे दोन महिने थंडी कडाक्याची पडली, पण मफलर काही त्यांच्या गळ्यात दिसेना. एके दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि विचारले. काका संकोचत म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका. गळा आवळल्यासारखा होतो हो." हातात घेऊन पाहिला तर खरेच. नक्षीच्या जागी कापड चुण्या पडून आखडले होते, पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते.

पण त्या दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली. मी कोट काढला नव्हता, आणि काढावासाही वाटला नाही. भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये खोलीचे तापमान १४ अंश होते. काका स्वेटरवर स्वेटर घालून बसले होते. बिलाच्या धास्तीने हीटिंग फक्त संध्याकाळी एक तास लावत. कुणाला बोलले नव्हते. तीस वर्षे मी रुग्णांना "कसं वाटतंय?" हा प्रश्न विचारला, पण मफलर हातात देताना तो विचारायचा राहून गेला होता.

म्हणून या धड्याचे दोन भाग आहेत. मफलर कसा विणायचा हा पहिला, आणि तो कसा द्यायचा हा दुसरा.

ही विद्या कुठली?

एका ओळीत दोन रंग घेऊन, जो रंग नको तो कापडाच्या मागून नेत विणण्याची ही पद्धत पुष्कळ थंड देशांत आहे. इथे ब्रिटनमध्ये तिला 'फेअर आइल' म्हणतात. फेअर आइल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामध्ये समुद्रात असलेले छोटेसे बेट आहे. वस्ती अवघी पन्नासएक माणसांची. तिथल्या बायका शेटलंडच्या मेंढ्यांची लोकर कातून टोप्या, मोजे, गंज्या विणत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवरच्या लोकांना देऊन बदल्यात जिन्नस घेत. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचे एक जहाज या बेटावर फुटले आणि त्यातल्या खलाशांनी ही नक्षी शिकवली, अशी दंतकथा सांगतात. तिला पुरावा नाही. १९२२ मध्ये त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर फेअर आइलचा स्वेटर घातला आणि बेटावरची ही कला देशभर फॅशन झाली.

आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट या लोकरीच्या रंगांत आहे. निळ्यासाठी नीळ आणि लाल रंगासाठी मॅडर नावाच्या वेलीची मुळे बाहेरून आणत. ही मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. शिवाय शेटलंडच्या खडकांवर वाढणाऱ्या लायकेनपासूनही रंग काढत. लायकेन म्हणजे काय? आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते, ते लायकेनच!

नियम मात्र साधा आहे. मफलरमध्ये रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच. हा नियम पाळला तर नवशिक्यालाही नक्षी जमते.

दूर्वा आणि बेल का?

या विणकामात वेलबुट्टीसारखी वळणे नीट येत नाहीत. प्रत्येक टाका म्हणजे एक चौकोन, त्यामुळे चौकटीच्या कागदावर जे काढता येईल तेच विणता येते. तीन पात्यांची दूर्वा आणि तीन पानांचा बेल या मापात नेमके बसतात. शिवाय ही पाने आपल्या डोळ्यांना इतकी ओळखीची आहेत, की चुकलेला टाका लगेच दिसतो.

साहित्य

१. डबल निटिंग जाडीची लोकर : मुख्य रंगाची ३०० ग्रॅम (थोडी उरेल), दूर्वेसाठी आणि बेलासाठी प्रत्येकी ५० ग्रॅम.

२. ४ मिलिमीटरची, ४० सेंटिमीटर लांबीची गोल सुई. नक्षीसाठी तशीच ४.५ मिलिमीटरची.

३. फेरीची सुरुवात कळावी म्हणून सुईत अडकवायची एक कडी. नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा फास चालतो.

लोकर मशीनमध्ये धुता येणारीच घ्या, पट्टीवर 'सुपरवॉश' लिहिलेले असते. केअर होममध्ये सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात. साधी लोकर गरम पाण्यात आटते, आणि आठवडाभरात मोठ्यांचा मफलर बाहुलीचा होतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्यासाठी मेरिनो लोकर पाहा, ती कमी टोचते.

रंग निवडताना डॉक्टर म्हणून एक सूचना. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, आणि गडद निळा, गडद हिरवा, काळा हे एकमेकांपासून ओळखणे अवघड होते. मोतीबिंदू असेल तर अधिकच. तेव्हा एक रंग फिका आणि दुसरा गडद हवा. दुकानात दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर ती जोडी सोडा. मी साईच्या रंगावर गडद हिरवी दूर्वा आणि मरून बेल घेतो. मरून बेल झाडावर नसतो हे मला ठाऊक आहे, पण तो उठून दिसतो.

विणायची रीत

सपाट मफलरमध्ये मागचे सुटे धागे उघडे पडतात. अंगठी, बांगडी, श्रवणयंत्र, काहीही त्यांत अडकते. म्हणून हा मफलर नळीसारखा गोल विणायचा. धागे आत राहतात, दोन पदरांमध्ये हवा कोंडते आणि ऊब वाढते. शिवाय गोल विणताना प्रत्येक टाका सुलटच असतो.

आधी थोडे टाके घालून नमुना विणा आणि मोजा. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ फेऱ्या आल्या पाहिजेत. टाके जास्त आले तर हात घट्ट आहे, जाड सुई घ्या.

आता ९६ टाके घाला, पीळ पडला नाही ना ते पाहून गोल जोडा, कडी अडकवा. मुख्य रंगाने ६ फेऱ्या साध्या विणा. मग जाड सुई घेऊन नक्षी सुरू करा.

*दूर्वा (६ टाक्यांची नक्षी, फेरीत १६ वेळा)*

फेरी १ : ३ मुख्य, १ हिरवा, २ मुख्य.
फेरी २ : २ मुख्य, ३ हिरवे, १ मुख्य.
फेरी ३ : १ मुख्य, १ हिरवा, १ मुख्य, १ हिरवा, १ मुख्य, १ हिरवा.
फेरी ४ : ३ मुख्य, १ हिरवा, २ मुख्य.

त्यानंतर ३ फेऱ्या साध्या.

*बेल (१२ टाक्यांची नक्षी, फेरीत ८ वेळा)*

फेरी १ आणि २ : ५ मुख्य, १ पान, ५ मुख्य, १ पान.
फेरी ३ : १ मुख्य, ३ पान, १ मुख्य, १ पान, १ मुख्य, ३ पान, २ मुख्य.
फेरी ४ : ४ पान, १ मुख्य, १ पान, १ मुख्य, ४ पान, १ मुख्य.
फेरी ५ : १ मुख्य, २ पान, १ मुख्य, ३ पान, १ मुख्य, २ पान, २ मुख्य.
फेरी ६ आणि ७ : ४ मुख्य, ३ पान, ४ मुख्य, १ पान.
फेरी ८ : ५ मुख्य, १ पान, ५ मुख्य, १ पान.

दोन बेलांच्या मध्ये जो एकेक सुटा टाका दिसतो, तो मी दवाचा थेंब म्हणून ठेवला आहे. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे : त्याच्यामुळे मागचा धागा कुठेही पाच टाक्यांपेक्षा लांब लोंबत नाही.

पुन्हा ३ फेऱ्या साध्या आणि एकदा दूर्वेच्या ४ फेऱ्या. सुरुवातीपासून एकूण २८ फेऱ्या झाल्या, म्हणजे १० सेंटिमीटर. आता बारीक सुईवर परत या आणि मुख्य रंगाने १३० सेंटिमीटर साधे विणत जा. आरतीच्या सीडीबरोबर किंवा मालिका पाहता पाहता हा भाग होतो.

दुसऱ्या टोकाला मात्र सावध राहा. मफलर गळ्यात घातला की दोन्ही टोके खाली येतात. तीच नक्षी त्याच क्रमाने विणली, तर एका बाजूची पाने उभी आणि दुसरीकडची डोके खाली. माझ्या दुसऱ्या मफलरात हेच झाले. बुधवारच्या जेवणाला एका काकूंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "असू द्या डॉक्टर, बेल पालथाच वाहतात!" तुम्हाला असे समर्थन शोधावे लागू नये म्हणून दुसऱ्या टोकाला सगळा क्रम उलटा घ्या : दूर्वा फेरी ४ पासून १ कडे, ३ साध्या, बेल ८ पासून १ कडे, ३ साध्या, पुन्हा दूर्वा ४ पासून १ कडे, शेवटी ६ साध्या. टाके सैल बंद करा. फेरीची सुरुवात बाजूच्या घडीवर येईल अशी नळी सपाट करा आणि दोन्ही तोंडे शिवून टाका. धाग्यांची टोके आतच राहतात, ती वेगळी लपवावी लागत नाहीत.

माझा पहिला मफलर का आखडला?

मागचा धागा मी ओढून घेत होतो. रुग्णाची जखम शिवताना टाका आवळायचा नसतो, कडा नुसत्या एकमेकींना टेकवायच्या असतात, हे आम्हाला शिकवलेले. सुया हातात आल्यावर तेच विसरलो. उपाय सोपा आहे. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे विणलेले टाके बोटांनी पसरा, आणि मग नवा रंग घ्या. मागचा धागा त्या पसरलेल्या अंतराएवढा सैल राहतो. जमल्यास एक धागा उजव्या हातात आणि दुसरा डाव्या हातात धरा. कोणता रंग कोणत्या हातात हे ठरले की शेवटपर्यंत बदलू नका. पानाचा धागा नेहमी मुख्य धाग्याच्या खालून आला तर पाने जास्त ठळक दिसतात.

हात आणि डोळे सांभाळून

हिशेब करू. ९६ टाके आणि ४२० फेऱ्या म्हणजे ४०,३२० टाके. मिनिटाला वीस टाके धरले तर सुमारे ३४ तास. रोज अर्धा तास विणले तर सदुसष्ट-अडुसष्ट दिवस. एक नोव्हेंबरला सुरू केले तर संक्रांतीच्या आत मफलर तयार. घाई करायचे कारण नाही.

• पंधरा मिनिटे विणले की सुया खाली ठेवा. मुठी उघडा-मिटा, खांदे फिरवा, एक फेरी घरात मारा.

• प्रकाश खांद्यामागून, कामावर पडेल असा हवा.

• संधिवाताने सांधे सुजलेले, गरम असतील त्या दिवशी विणू नका. दुखणे नसेल त्या दिवशी हलके काम चालते. बांबूच्या सुया धातूपेक्षा हाताला सुखद लागतात.

• अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दबत असावी. विणणे थांबवा आणि जी. पी.ला दाखवा. "वयामुळे असेल" म्हणून बसू नका.

ऊब ही चैनीची गोष्ट नाही

थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे कल वाढतो. त्यामुळे थंडीच्या लाटेत हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांना गार हवेचा एक श्वासही खोकल्याची उबळ आणतो. बाहेर पडताना मफलर नाका-तोंडावरून सैल घेतला तर आत जाणारी हवा थोडी कोमट होते. लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकते, आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा शोषूनही ती ओली लागत नाही. इथल्या भुरभुर पावसात हे फार उपयोगाचे आहे.

पण मफलर हा हीटिंगला पर्याय नाही. ज्या खोलीत तुम्ही बसता-झोपता ती किमान १८ अंश ठेवा, असा इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आहे. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले तर जिवाला धोका असतो. वृद्धांना अशा वेळी हुडहुडी भरेलच असे नाही. बोलणे जड होते, झोप येते, गोंधळल्यासारखे वागतात. असे कुणी दिसले तर ९९९ ला फोन करा. तोवर अंगावरचे ओले कपडे काढा, पांघरूण घाला. शुद्धीवर असतील आणि नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्या. चोळू नका, गरम पाण्याच्या टबात बसवू नका, ब्रँडी देऊ नका.

मफलर देतानाही चार गोष्टी पाहा. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी लांबी १२० सेंटिमीटरच ठेवा आणि टोके कोटात खोवायला सांगा, म्हणजे चाकात जाणार नाहीत. गोंडे लावू नका, स्वयंपाक करताना मफलर काढून ठेवा. झोपताना गळ्यात नको. केअर होमसाठी असेल तर आतून नावाची पट्टी शिवा.

काकांचे पुढे काय झाले?

मी तो मफलर उसवला. पत्नी म्हणाली, लोकर वाया जात नाही, फक्त तुमचा अहंकार उसवा. त्याच लोकरीचा सैल मफलर विणून तीन आठवड्यांनी घेऊन गेलो. या वेळी आधी गळ्यात घालून पाहायला सांगितला, आणि तासभर बसलो. चहा झाला. मग दोघांनी मिळून हीटिंगचे घड्याळ लावले : सगळे घर नाही, तर ज्या एका खोलीत ते असतात ती, सकाळी आणि संध्याकाळी. त्यांच्या मुलीला त्यांच्यासमोरच फोन केला. तिला यातले काहीच माहीत नव्हते. काका म्हणाले, "तिला कशाला त्रास." त्यावर तिकडून ती रडायला लागली, आणि काकांनी मफलरच्या टोकाने डोळे पुसले. लोकर ओलावा शोषते हे वर लिहिलेच आहे.

मफलरचे निमित्त नसते तर मी त्या खोलीत गेलो नसतो, आणि थर्मामीटरही पाहिला नसता.

विनंती

पंढरपुरात थंडीच्या दिवसांत विठुरायालाही शाल, कानपट्टी असा उबदार पोशाख करतात. देवाला थंडी वाजत असेल अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना शेजारच्या काका-काकूंची थंडी सांगायला नको.

येत्या मकरसंक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण म्हणून आपल्या एकट्या राहणाऱ्या आणि केअर होममधल्या ज्येष्ठांना मफलर द्यावेत, असे विश्वस्तांसमोर मांडले आणि त्यांनी होकार दिला. त्यासाठी तीन प्रकारची मदत हवी आहे.

ज्यांना विणता येते, त्यांनी एक मफलर घ्यावा. नक्षी जमत नसेल तर साधा विणा, ऊब तेवढीच असते. ज्यांना विणता येत नाही, त्यांनी नवी, मशीनमध्ये धुता येणारी लोकर किंवा पडून असलेल्या सुया मंदिराच्या कार्यालयात आणून द्याव्यात. ज्यांच्याकडे गाडी आणि एक मोकळी दुपार आहे, त्यांनी मफलर पोहोचवायचे काम घ्यावे. मात्र दारातून देऊन परत यायचे नाही. आत जायचे, बसायचे, चहा घ्यायचा, आणि कोट काढावासा वाटतो का हे स्वतःला विचारायचे. वाटला नाही, तर निरोप मला द्या.

बुधवारच्या ज्येष्ठांच्या जेवणानंतर दोन वाजता मी आणि पत्नी सभागृहात सुया घेऊन बसतो. चौकटीच्या कागदावर काढलेली दूर्वा-बेलाची नक्षी मोठ्या आकारात छापून तिथे ठेवली आहे, चष्मा विसरलात तरी दिसेल. टाके सुटले तर घेऊन या, उचलून देऊ.

आणि ज्यांच्या घरात आज गारठा आहे, त्यांनी संकोच न करता सांगावे. मफलरची वाट पाहू नका.

आपला नम्र,
एक निवृत्त डॉक्टर